खालच्या दोन ओळी

गावच्या शाळेला इमारत नव्हती, म्हणून सातवीचा वर्ग मारुतीच्या देवळात भरायचा. अकोल्याच्या डोंगराकडचं गाव, साल एकाहत्तर. देवळाला लागूनच गोजरबाईचं घर होतं. त्यामुळे रंगनाथ गुरुजींची कविता तिलाही फुकटात शिकायला मिळे. उपमा कशाला म्हणतात, यमक कुठं जुळतं, सगळं तिनं नागली पाखडता पाखडता ऐकलेलं. पोरांच्या डोक्यात किती शिरलं ते मारुतीलाच ठाऊक.

एक दिवस गुरुजी म्हणाले, "कवितेचा साचा कळला ना, की हरवलेली ओळसुद्धा शोधून काढता येते."

गोजरबाईच्या हातातलं सूप थांबलं.

तिची जाऊ बायडाबाई दोन वर्षांपूर्वी तापानं गेली होती. वीस वर्षं दोघी पहाटे एकाच जात्याला समोरासमोर बसल्या. ओवीच्या वरच्या दोन ओळी गोजरबाईनं म्हणायच्या, खालच्या दोन बायडानं जोडायच्या. आता नवरा नव्हता, पोरी सासरी होत्या. एसटीच्या थांब्याशी गिरणी आली, तरी ही बाई एकटीच जातं ओढायची आणि अर्धी ओवी म्हणून गप्प व्हायची. ते गप्प होणं तिला खायला उठायचं.

शाळा सुटल्यावर तिनं गुरुजींना गाठलं. "वरच्या वळी म्या सांगते. खालच्या तुमी हुडकून द्या."

गुरुजींना हुरूप आला. चाळीस अर्ध्या ओव्या त्यांनी उतरून घेतल्या. चार दिवस यमकं जुळवली, बोटांवर अक्षरं मोजली, आणि वही घेऊन ओट्यावर हजर झाले.

"ऐका, मावशी. तुमच्या ओळी अशा:
घाट चढून मी गेले, धुकं पडलं दाट
पायाखाली दिसंना माझ्या माहेराची वाट.
आणि खालच्या अशा:
धीर धर गं सखे, होईल पहाट
भाऊ येईल न्यायाला, बघ त्याची वाट."

गोजरबाईनं मान हलवली. "जुळतंय झ्याक. पन बायडा असलं ग्वाड कदी बोलली न्हाई. ती माजी टर उडवायची. या ओवीला आमी दोगी लई हसलो हुतो. हसू आठवतंय, शबुद न्हाई."

गुरुजी हिरमुसले. त्यांनी विचारलं, "पण वीस वर्षं समोर बसून तुम्हाला तिची एकही ओळ कशी आठवत नाही?"

गोजरबाईनं पदर तोंडाला लावला. "ती म्हनायची तवा म्या माजी फुडची वळ जुळवत बसायची, गुर्जी. म्या तिचं कदी ऐकलंच न्हाई."

गुरुजींनी खिशातलं खोडरबर काढलं आणि आपल्या ओळी एकेक करून पुसल्या. वहीत आता चाळीस ठिकाणी दोन-दोन ओळींची कोरी जागा राहिली.

"ऱ्हाऊ द्या तशीच," गोजरबाई म्हणाली. "ती जागा तिची हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं जात्यात नागलीचा घास टाकला, खुंटा धरला आणि घाटाची ओवी म्हटली. दोन ओळी झाल्या. रोज इथं तिचा हात थांबायचा. आज तिनं जातं फिरतं ठेवलं. पुढची ओवी मनात आणली नाही. आणखी दोन ओळी होतील इतका वेळ ती समोरच्या रिकाम्या जागेकडे कान देऊन ऐकत राहिली.