ओहायोच्या थंडीतल्या चिपळ्या

मित्रांनो, मी चिपळ्यांची एक जुनी जोडी आहे. अंग शिसवी, त्यात पितळेच्या चकत्या. मिरजेच्या एका सुताराने मला घडवलं आणि कीर्तनकार राजारामबुवांच्या हाती दिलं. काय सांगू ते दिवस! कीर्तनाच्या मध्यंतरात बुवांच्या गळ्यात हार पडे, कपाळी बुक्का लागे, आणि त्यातला एखादा कण माझ्याही वाट्याला येई. देवाच्या दारी उभं राहायला मिळालं, आणखी काय हवं?

पुढे बुवा थकले. त्यांची लेक सुमित्रा लग्न होऊन अमेरिकेला निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या सामानात घातलं. "वाजवत जा गं पोरी. देव तिथंही ऐकतो," एवढंच म्हणाले.

पण ओहायोतल्या त्या छोट्या गावात मला पहिल्यांदा ऐकलं ते खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने. सुमित्राने मला जरा कुठे वाजवलं, तोच त्याने झाडूच्या दांड्याने छत बडवलं. झालं! मला लोकरी मोज्यात गुंडाळून स्वयंपाकघराच्या खणात टाकलं. बाहेर बर्फ. सुमित्राला गाडी येत नव्हती, आणि पायी जावं तर रस्त्याला फूटपाथ नाही. नवरा श्रीरंग सकाळी कारखान्यात गेला, की आम्ही दोघी आपापल्या खणात.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. तो कारखाना जपानी कंपनीचा होता, मोटारींच्या सुट्या भागांचा. जपानहून साहेब आले, त्यांच्याबरोबर बायका आल्या. त्यांना इंग्रजी शिकवायला चर्चच्या तळघरात मंगळवारचा वर्ग निघाला. सुमित्रा मिरजेच्या शाळेत इंग्रजीच शिकवत असे, म्हणून तिला बोलावणं आलं. परक्या गावात, परक्या बाईने, परक्यांना तिसरीच भाषा शिकवायची!

वर्गाला येणाऱ्या सहाजणी फार नम्र. वहीत मोत्यासारखं अक्षर, पण तोंड उघडतील तर शपथ. चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बरं, असा त्यांचा बाणा.

"काय मास्तरीणबाई, आज कुणी बोललं का?" श्रीरंग जेवताना विचारी.

"एकीला शिंक आली. तीसुद्धा लाजत लाजत."

एके दिवशी मात्र तिला हसू आलं नाही. "अहो, वर्ग बघणारी डोरथी म्हणाली, पुढच्या मंगळवारीही कुणी बोललं नाही तर क्लास बंद करणार. मग मी परत या चार भिंतींत!"

ती उठली आणि तिने माझा खण उघडला.

मंगळवारी तिने गजेंद्राचं आख्यान लावलं. लय बुवांची, शब्द इंग्रजी. "वन बिग एलिफंट..." मगरीने हत्तीचा पाय धरला. तो ओढतो, ती आणखी खोल ओढते. सोबतचे हत्ती घरी निघून गेले. "अँड द एलिफंट सेड..."

आणि ती थांबली. बुवा असंच करत. ओळ अर्धी सोडायची, पुरी करायची ती श्रोत्यांनी. मला वर धरलेलं, पण वाजवलेलं नाही. मित्रांनो, माझा जीव नुसता टांगणीला! मागे बसलेली डोरथी घड्याळाकडे पाहू लागली.

शेवटी कोपऱ्यातून त्या सहाजणींतल्या तानाबेबाईंचा आवाज आला, अगदी पुटपुटल्यासारखा. "हेल्प मी."

मी अशी काही खणखणले!

"व्हॉट डिड ही से?" सुमित्राने विचारलं.

"हेल्प मी!" आता सहाहीजणी.

तानाबेबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते. "आय... ऑल डे, हाउस. ओन्ली हाउस. हेल्प मी."

हे बोलणं हत्तीचं नव्हतं. सुमित्राचा हात जागच्या जागी थांबला.

"मी टू," ती म्हणाली.

मग एकेकीला वाचा फुटली. मोडकंतोडकं का होईना, बांध फुटल्यासारखं. "क्लास बंद होत नाही, हनी," डोरथी नाक पुसत म्हणाली. बाहेर न्यायला आलेल्या नवऱ्यांचे हॉर्न वाजत होते आणि आत एकही बाई उठायला तयार नव्हती.

आता माझं पितळ काळवंडलं आहे. तुमच्या घरी असं जुनं वाद्य असेल, तर त्याला अधूनमधून हात लावा. आणि शेजारी कुणी नवं, अबोल माणूस राहायला आलं असेल, तर त्याचं दार वाजवा. गजेंद्राची हाक ऐकून नारायण धावला. तो देव, त्याला शोभतं. आपण हाकेची वाट पाहू नये.