शिळ्या पाण्यातलं विरजण

या मित्रांनो, जरा पुढे सरका. काचेला नाक लावलंत तरी चालेल, फक्त टकटक करू नका, आतले बुवा दचकतात. कीर्तनाला बसता तशी मांडी घाला. या एवढ्याशा पाण्यात एकदा काय घडलं ते सांगतो. ऐकून झालं की एकच मागणं मागेन.

मी एक जुना स्पंज आहे. रंगाने काळा, मुठीएवढा, बंगळुरातल्या बसवनगुडीत एका मराठी घरी माशांच्या टाकीत राहणारा. पंपाची हवा नळीतून माझ्या पोटात येते, बुडबुडे होऊन वर पळते आणि जाताना टाकीतलं पाणी माझ्यातून ओढून नेते. हे अखंड चालू असतं. निवांतपणा काय असतो ते मला ठाऊक नाही. सगळे झोपले तरी मी आपला बुडबुडतोच आहे.

माझा जन्म होसकोट्याच्या एका कारखान्यातला. फोमच्या भल्यामोठ्या ठोकळ्यातून मला कापलं आणि पिशवीत भरलं. तिथून मला उमाकांतरावांनी घरी आणलं. ते सरकारी कंपनीत इंजिनियर होते आणि कीर्तनाचे वेडे होते. टाकीत त्यांनी एक एंजल मासा सोडला. त्याचे लांब पांढरे पर पाण्यात असे हलत की खांद्यावरचं उपरणंच सावरतो आहे असं वाटे. उमाकांतरावांनी त्याचं नाव ठेवलं 'बुवा'. सोबतीला निऑन जातीच्या चार चिमुकल्या मासळ्या दिल्या. "हे टाळकरी," ते म्हणत.

नवा होतो तेव्हा मी नुसताच स्पंज होतो, मित्रांनो. हळूहळू माझ्या छिद्रांत वस्ती झाली. मासे खातात, घाण करतात, उरलेला दाणा कुजतो आणि त्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी आरशासारखं दिसतं आणि आत मासा गुदमरत असतो. माझ्यातले सूक्ष्म जीव त्या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, म्हणून दुसरे जीव त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं, अधूनमधून थोडं पाणी बदललं की निघून जातं. उमाकांतराव मला कधी नळाखाली धरत नसत. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं, त्यात मला दोनदा हलकेच पिळायचं आणि परत जागेवर ठेवायचं. खालच्या मजल्यावरच्या प्रेमाक्कांनी नवी टाकी मांडली तेव्हा उमाकांतरावांनी मला त्या टाकीच्या पाण्यात पिळलं होतं. "न्या अक्का, विरजण न्या!" म्हणत हसले होते.

गेल्या वर्षी उमाकांतराव गेले. जाण्याआधी वसुमतीबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, त्यांनी सांगितलं होतं, "बुवांना सांभाळ हं." बाईंना टाकीतलं काही कळत नव्हतं, पण एक दिवसही दाणा चुकला नाही.

मग त्यांच्या वर्षश्राद्धानंतर घरी तीन दिवसांचं कीर्तन ठरलं. घर घासून पुसून निघालं. आमच्याकडे रीत अशी की देवाच्या कामाला पाणी ताजं हवं, शिळं पाणी घरात ठेवायचं नाही. घागरी, कळशा, तांबे सगळं रिकामं करून पुन्हा भरलं गेलं. शेवटी वसुमतीबाईंची नजर टाकीकडे वळली. टाकी कीर्तनाच्या बैठकीला अगदी लागून होती.

"इतकं जुनं पाणी देवाच्या शेजारी?" त्या म्हणाल्या.

त्यांनी मासे पातेल्यात काढले आणि टाकीतलं सगळं पाणी मोरीत ओतलं. खडे घासले. मला कढत पाण्यात बुडवून, नळाखाली धरून, चोळचोळून धुतलं. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. माझी सगळी वस्ती तपकिरी धार होऊन माझ्या डोळ्यांदेखत वाहून गेली. नव्या पाण्यात क्लोरीन मारायचे निळे थेंब घालायला त्या विसरल्या नाहीत. माया होती हो, पण ती चुकीच्या बाजूने धावली.

पहिल्या दिवशी टाकी लखलखत होती. जो तो म्हणे, "काय छान ठेवलीय!" बुडबुडे सुटत होते, पण मी आतून रिकामा होतो. पाणी माझ्यातून जसं येई तसंच निघून जाई. मी नुसता फसफसत राहिलो. सांगू कुणाला?

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन निऑन तळाशी निपचित पडलेल्या दिसल्या. बुवा वरच्या पाण्याला तोंड लावून धापा टाकत होते. त्यांचं ते उपरणं अंगाला चिकटलं होतं.

सून देवश्री इंदिरानगरच्या ऑफिसला निघाली होती. तिने पर्स टाकली आणि कपाटातून सासऱ्यांची तपासणीची नळी काढली. पाण्यात थेंब टाकले, नळी गर्द हिरवी झाली.

"आई, अमोनिया खूप वाढलाय!"

"अगं, मी तर सगळं स्वच्छ केलं!" वसुमतीबाई खाली बसल्या. "त्यांनी एवढं एकच सांगितलं होतं गं मला."

तेवढ्यात प्रेमाक्का कीर्तनासाठी हार घेऊन आल्या. मला पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अय्यो वसुमती! स्पंज एवढा गोरा कसा झाला? दह्याचं भांडं घासलंस आणि विरजण मोरीत ओतलंस की गं!"

"मग आता काय करू, अक्का?"

"रडू नको. अर्धं पाणी बदलत राहा, दाणा बंद कर. मी आलेच, स्वल्प थांब."

त्या परतल्या त्या हातात बादली घेऊन. बादलीत त्यांच्या टाकीतला स्पंज होता, काळाकुट्ट, बुळबुळीत. मी त्याला ओळखलं. त्याची वस्ती माझ्याच वस्तीतून वाढलेली.

"हा इथे पिळते. पाणी गढूळ होणार बघ. नंतर हा तुझ्या स्पंजाला चिकटवून ठेवू."

वसुमतीबाईंनी बैठकीकडे पाहिलं. पाट मांडला होता, समई तेवत होती, माणसं जमत होती. "आत्ता? देवासमोर ही घाण?"

व्यंकोजीबुवा, म्हणजे कीर्तनकार, टाळ पुसत बसले होते. त्यांनी वाकून काचेत पाहिलं. "वहिनी, आज घरात दोन बुवा आहेत. माझा घसा बसला तर लोक मला पाणी देतील. याचं तर पाणीच बसलंय. पिळा!"

लोक हसले. वसुमतीबाईंनी बादलीतला स्पंज स्वतःच उचलला, टाकीवर धरला आणि डोळे मिटून पिळला.

सगळी टाकी तपकिरी झाली. त्या दिवशीचं कीर्तन मी त्या गढूळ पाण्यातूनच ऐकलं. मृदंग वाजत होता आणि मी बुवांना शोधत होतो. ते कधी आडवे होत, कधी सरळ. वसुमतीबाईंचेही कान कीर्तनाकडे आणि डोळे काचेकडे. आरती झाली तरी काही कळेना.

मग देवश्री रोज नळी धरू लागली. हिरवा रंग फिकट होत होत एके दिवशी नुसता पिवळा उरला. त्याच सकाळी बुवा खोल पाण्यात उतरले आणि त्यांनी उपरणं पसरलं. वसुमतीबाईंनी काचेवर तळवा टेकला.

आता मी पुन्हा काळा झालो आहे, आणि मला कुणी गोरं करत नाही. शेजारचा स्पंज प्रेमाक्का घेऊन गेल्या, पण त्याची वस्ती माझ्याकडे राहिली.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी टाकी असेल तर सगळं पाणी एकदम बदलू नका आणि स्पंज नळाखाली धरू नका. आणि माझं मागणं हे. उमाकांतरावांनी एकदा हसत हसत शेजारी विरजण दिलं होतं, ते गेल्यावर तेच त्यांच्या बुवांच्या कामी आलं. टाकीतल्या पाण्यात आपला स्पंज पिळायला हात घालाल, तेव्हा त्यांची आठवण काढा.