आंझोलाचा लांब श्वास

व्हेनिसच्या त्या गाणाऱ्या मुलींच्या अनाथालयातून बाहेर पडायचं तर नुसता नवरा मिळून भागत नसे. आपल्या जागी गाणारी मुलगी तयार करून द्यावी लागे, आणि पुन्हा चारचौघांत गाणार नाही असं लिहूनही द्यावं लागे. पोलोनियाला या दुसऱ्या अटीचं काहीच वाटत नव्हतं. "स्वयंपाकघरात गाईन," ती म्हणायची, "तिथे कोण येतंय ऐकायला?"

तिला झोर्झीनं मागणी घातली होती. तो किओजा गावचा दोरखंडवाला. माणूस साधा, ऐकायला जरा कमीच. पण त्याच्या घराला दार होतं आणि ते आतून उघडत होतं. अनाथालयाच्या पाळण्यात टाकून दिलेल्या पोलोनियाला आणखी काय हवं होतं? तिचं सगळं आयुष्य गाण्याच्या सज्ज्याच्या जाळीमागे गेलं होतं. लोक खाली बसून डोळे पुसायचे, पण गाते कोण ते कुणालाच दिसायचं नाही.

आता सगळं तिच्या जागी तयार होणाऱ्या आंझोलावर येऊन ठेपलं होतं. पोरगी गुणी, पण भित्री. पोलोनिया डावा पंजा उघडून बोटांच्या पेरांवर सूर दाखवायची आणि आंझोला त्या पेरांमागून गात जायची.

परीक्षेच्या दिवशी सकाळी पास्क्वानं पोलोनियाला जिन्यात गाठलं. पास्क्वा खालच्या पट्टीत गायची. तिचे केस इथेच पांढरे झाले होते.

"पोरीला फार घासू नकोस. काठावर पास झाली तरी पुरे."

"का गं? माझं लग्न तुझ्या डोळ्यांत खुपतंय वाटतं?"

"खुपू दे, नाहीतर दुखू दे. मी सांगितलं ते ऐक."

पोलोनियानं नाक मुरडलं. म्हातारी जळते, दुसरं काय!

तरी तालमीत ती घुटमळलीच. शेवटची लांब ओळ आंझोला मधेच तोडून श्वास घ्यायची. चालून गेलं असतं. परीक्षेला खाली बसणाऱ्या अनाथालयाच्या कारभाऱ्यांना त्यातलं काय कळणार होतं? पोलोनियानं पुन्हा ऐकलं, आणि तिला राहवेना.

"थांब. इथे श्वास घेतलास तर ओळ मरते. आधीच पोटभर घे आणि सोडत जा. घाई कशाला? कुणी मागे लागलंय का?"

"बाई, मला नाही जमणार."

"जमतं. माझ्या हाताकडे बघ."

आणि जमलं.

दुपारी जाळीमागून आंझोला गायली. शेवटची ओळ तिनं अशी ओढत नेली की पोलोनियाचाच श्वास अडकला. खाली कुणी खोकलंसुद्धा नाही. हे मी केलं, असं पोलोनियाला वाटलं आणि ती मनापासून सुखावली.

थोड्या वेळानं तिला बोलावणं आलं. थोरले कारभारी जाळीपलीकडून खुशीत बोलले.

"मुलगी पसंत! पण बाई, त्या भित्र्या पोरीचा असा गळा करणारीला आम्ही दोरखंडवाल्याकडे पाठवायचं? आजपासून धाकट्या मुली तुमच्या हाताखाली. झोर्झीला आमच्यातलीच दुसरी एखादी बघून देऊ."

"हुजूर, नियमाप्रमाणे मी मुलगी तयार..."

"नियम आम्हीच केलाय ना?" ते हसले आणि खुर्च्या सरकल्या.

जिन्यात पास्क्वा उभी होती. ती नुसती बाजूला झाली. तिनंही कधीतरी कुणाला तरी असंच चोख शिकवलं असणार, हे पोलोनियाला आत्ता कळलं.

वर आंझोला रडत बसली होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"बाई, मी थोडं वाईट गायला हवं होतं का?"

पोलोनियाला हो म्हणायचं होतं. ओरडून म्हणायचं होतं.

"नाही गं," ती म्हणाली.

ती मनापासून बोलली होती, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.