सुवर्णा सिस्टर जिच्यावर बसून जेवत

मित्रांनो, मी एक जुनी, घडीची लोखंडी खुर्ची आहे. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. तेव्हा माझा निळा रंग ताजा होता, म्हणून नाशिकच्या एका रुग्णालयात मला थेट डॉक्टरांच्या खोलीत जागा मिळाली. पुढे गादीच्या खुर्च्या आल्या. माझ्या एका पायाचं रबर निघालं, मी डुगडुगू लागले आणि जिन्याखाली सलाइनच्या रिकाम्या खोक्यांमागे जाऊन पडले. कोणी आलंच तर बुटाची नाडी बांधायला पाय ठेवून जाई.

तिथून मला सुवर्णा सिस्टरनी बाहेर काढलं.

वॉर्डात तेजस्विनी आली होती. पंचवटीतली, दहावीतली मुलगी. आधी तिने भात सोडला, मग पोळी, मग घरच्यांबरोबर जेवायला बसणंच. हाडं दिसत होती, तरी आरशात ती स्वतःला जाडच दिसायची. नाडी मंद झाली होती. तोंडाने पुरेसं गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिला नळीची भीती वाटे. घासाची त्याहून जास्त.

"सिस्टर, रागवा ना हिला जरा," तिची आई योगिनीताई म्हणाल्या. "माझं ऐकतच नाही."

"ताई, ताप आला म्हणून लेकराला रागावतो का आपण? हा हट्ट नाही, आजार आहे."

जेवणाच्या वेळी सिस्टर तेजस्विनीच्या खाटेशेजारी माझ्यावर बसत आणि स्वतःचा डबा उघडत. तिच्या ताटाकडे टक लावून बघत नसत. बोलणं भलतंच असे. जेवण झालं तरी लगेच उठत नसत. मला वाटलं, आळस असेल. मग कळलं, खाल्लेलं बाहेर काढून टाकावंसं वाटतं ते याच वेळी, आणि तेव्हाच सोबत लागते.

"ही खुर्ची मला पाडणार एक दिवस. उचलशील ना गं?"

"मी पेशंट आहे," तेजस्विनी म्हणाली. "बेल वाजवीन."

हळूहळू घास जाऊ लागले. मग एका रविवारी इगतपुरीहून आत्या आली. दारातूनच म्हणाली, "अगं बाई, काय बाळसं धरलंस! गाल बघ कसे वर आले!" कोणी बरं होताना दिसलं की आपल्याकडे असंच बोलतात. पण त्या दुपारी सिस्टर यायच्या आत तेजस्विनीने पोळीचे तुकडे माझ्या घडीच्या फटीत कोंबले.

सिस्टरना ते बसतानाच दिसले. त्या रागावल्या नाहीत.

"आज फार भीती वाटली का?"

"आत्या म्हणाली, गाल वर आले."

"त्या आनंदाने बोलल्या. तुला काय ऐकू आलं?"

"जाडी झालीस."

"तो आजार बोलतो. आत्यांशी मी बोलेन. आता थोडं परत वाढू? मी इथेच आहे."

तिने रडत रडत अर्धी पोळी खाल्ली. पुढेही कधी खाई, कधी ताट सरकवी. नळीचा निर्णय डॉक्टर पुढे ढकलत राहिले.

मग एके दिवशी सिस्टर म्हणाल्या, "ताई, आज तुम्ही बसा."

योगिनीताई माझ्या अगदी कडेला टेकल्या. त्यांचे डोळे लेकीच्या प्रत्येक घासामागे जात होते. तिचा हात थांबला.

"आई, बघू नको ना."

योगिनीताईंनी मान वळवली. स्वतःचा डबा उघडला. कित्येक दिवसांत त्याही धड जेवल्या नव्हत्या. पहिला घास घेऊन म्हणाल्या, "खालच्या काकूंनी पुन्हा आपल्या स्कूटीवर गोधड्या वाळत घातल्यात."

"परत?" तेजस्विनी म्हणाली आणि वरणभात कालवू लागली.

नळी घालावी लागली नाही. ती घरी गेली, तरी तपासणीला अजून येते. बरं व्हायला वेळ लागतो.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी जेवण टाळत असेल, लपवत असेल, तर मोठ्या माणसाला सांगा. तशा मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या गालांवर, पोटावर बोलू नका, कौतुकानेसुद्धा. शेजारी बसा आणि आपलं जेवा.