माझ्या रंगातले शिसे

मित्रांनो, मी दुसऱ्या मजल्यावरची एक जुनी खिडकी आहे. सुताराने मला बसवले आणि रंगाऱ्याने हिरव्या रंगाचे तीन हात दिले. "हा रंग जन्मभर हलायचा नाही," तो म्हणाला. त्या रंगात शिसे होते. ते त्याला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते.

पुढे या खोलीत एक शिवणकाम करणारी बाई आणि तिचा ड्रायव्हर नवरा राहायला आले. त्यांची थोरली लेक मला धरूनच उभी राहायला शिकली. दात येत होते, म्हणून ती माझी कड चावायची. उघडताना-मिटताना माझ्या रंगाची भुकटी पडे. ती तिच्या बोटांवरून तोंडात जाई. सगळे तिला कौतुकाने 'खिडकीवेडी' म्हणत. मलाही बरे वाटायचे.

थोरली नऊ वर्षांची झाली. वाचताना ओळ सोडायची, दोन कामे सांगितली तर एक विसरायची, जरा बोलले की भडकायची. बाप म्हणायचा, "डोकं आहे, पण वापरायचं नाही. नुसता आळस."

मग धाकटी रांगू लागली. तिचे पोट सारखे दुखायचे, म्हणून रक्त तपासले. त्यात शिसे निघाले. नर्स घर बघायला आली. माझ्या कडेवरचे दातांचे वण पाहून तिने विचारले, "हे धाकटीचे?"

"नाही," आई म्हणाली. "थोरलीचे. लहानपणचे."

नर्स म्हणाली, "मेंदू घडत असताना शिसं पोटात गेलं, तर पुढे लक्ष लागत नाही, गोष्टी ध्यानात राहत नाहीत. रक्तातलं शिसं उतरतं, पण झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही. थोरलीचं त्यानेच झालं, असं छातीठोक नाही सांगता येणार. पण तिला आळशी म्हणू नका. सावकाश शिकवा, शिकेल ती."

बाप वाकून ते वण बघू लागला.

मुलींना मावशीकडे पाठवून माझा रंग ओला करून खरवडला, भुकटी पुसून काढली. धाकटीच्या रक्तातले शिसे उतरत गेले. थोरलीला सातचा पाढा यायला दोन महिने लागले. बाप रोज शेजारी बसायचा. एके दिवशी ती न अडखळता म्हणून गेली, तेव्हा तो म्हणाला, "मी तुला उगाच बोलत होतो गं."

ती म्हणाली, "आठचा घेऊ या?"

मित्रांनो, घरातल्या जुन्या रंगाचे पोपडे निघत असतील तर मोठ्यांना सांगा; ते कोरडे खरवडू देऊ नका. आणि वर्गात कुणी मागे पडत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी जरा थांबा.