पाडलेल्या भिंतीची सावली

या, असे पुढे सरका. मागे दारात लोंबकळून ऐकू नका, पुढे जागा पुष्कळ आहे. ज्याची गोष्ट सांगायची आहे त्याने उभा जन्म लोकांना हेच सांगण्यात घालवला. निदान त्याच्या गोष्टीला तरी आतमध्ये येऊन बसा. गोष्ट लहानशी आहे. एक माणूस, एक भिंत, आणि ती भिंत जागेवर नव्हती, एवढीच.

"काका, ही भिंत कुठंय?"

बाईंनी नकाशावर बोट टेकवलं होतं. काका शेजारी हाताची घडी घालून उभे होते, चेहऱ्यावर शाबासकी घ्यायची तयारी.

"कुठंय म्हणजे? आहे तिथंच आहे. डेपोच्या मागं, पश्चिमेला. चांगली दगडी."

"मी काल जाऊन आले. तिथं भिंत नाहीये."

"नाहीये?" काका हसले. "बाई, बसच्या टपाला टेकेल एवढी भिंत आहे ती. तिला काय पाय फुटले?"

वर्गातल्या माना एकेक करून वर आल्या. मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी आपला फोन पुढे केला. फोटोत सपाट माती होती, पलीकडे नवा रुंद रस्ता होता, आणि भिंत नव्हती. काकांनी फोटो जवळ नेला, लांब धरला, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिला. नकाशात त्यांनी आखलेलं अख्खं छप्पर, तुळया, पन्हाळ, सगळं त्या भिंतीच्या खांद्यावर टेकलेलं होतं.

काका म्हणजे आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी. निवृत्त बस कंडक्टर. वर्गातली बाकीची मुलं त्यांच्या नातवंडांत शोभतील अशी, आणि बाई त्यांच्या सुनेपेक्षाही लहान. पण काकांना याचा संकोच म्हणून शिवला नव्हता. आयुष्यभर त्याच रस्त्यांवरून फिरून शहरातली घरं त्यांना बाहेरून तोंडपाठ झाली होती. एकाही घरात पाऊल टाकलेलं नव्हतं. ती आतून कशी उभी राहतात हे समजून घ्यायचं, एवढ्याचसाठी ते प्रवेशपरीक्षेला बसले, आणि यादीत आपलं नाव पाहून म्हणाले, "बघा, गाडीत एक जागा होतीच."

आणि काका नुसते आले नव्हते, गाजत होते. बाईंची शिकवण्याची रीत अशी, की आधी रेघ ओढायची नाही. जागेवर जायचं, बसायचं, आणि तिला विचारायचं, बाई गं, तू आधी कोण होतीस? पहिला प्रकल्प होता एका माणसाला बसायची जागा, बंद पडलेल्या खाणीच्या काठावर. काकांनी कातळावरचे छिन्नीचे तिरके घाव पाहिले आणि बैठक त्याच तिरकेपणात बसवली. दुसरा होता कालव्याच्या जुन्या दारापाशी आडोसा; काकांचा आडोसा त्या दारासारखाच वर उचलला जायचा. दोन्ही वेळा बाईंनी तो नमुना सगळ्या वर्गाला दाखवला. काकांची छाती तेव्हापासून जी फुगली ती फुगलेलीच होती.

तिसऱ्या प्रकल्पाला जागा निघाली ती बसचा जुना डेपो. डेपो बंद झालेला, तिथे मोकळं मैदान व्हायचं होतं, आणि मुलांनी आखायची होती विसाव्याची जागा. काकांनी तर टाळीच वाजवली. "आता बघा! हा तर माझ्या अंगणातला पेपर!" जागा मोजायला वर्ग गेला तेव्हा काका साहेबासारखे पुढे. इथं ऑफिस, इथं पंप, इथं गाड्या धुवायचो. टेपचं दुसरं टोक धरलं होतं मुंगीने. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यांत बुटकी मुलगी, आणि सगळ्यांत चिवट. ती म्हणाली, "काका, आता मागची बाजू." काका म्हणाले, "मागचं राहू दे. मागचं मला पाठ आहे."

आणि मागचं त्यांनी न मोजता, आठवणीतून कागदावर काढलं. नवख्या मुलांना ही चूक आपणहून करताच आली नसती. ज्याला जागा ठाऊक नसते तो निमूटपणे टेप घेऊन जातो. काकांना ती फारच ठाऊक होती.

बाईंनी फोन ठेवला. "काका, सोमवारी बाहेरचे परीक्षक येतायत. हा प्रकल्प गेला तर वर्ष गेलं. माझ्या हातात काही नाही."

"वर्ष जाणार नाही," काका म्हणाले. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. कागदाची गुंडाळी करून ते मात्र सगळ्यांच्या आधी बाहेर पडले.

घरी काकूंना कळायला वेळ लागला नाही. काका चहा न मागता खुर्चीत बसले म्हणजे काहीतरी बिनसलेलं असतं.

"काय झालं? वर्गातल्या पोरांनी चिडवलं का?"

"भिंत गेली."

"कुठली?"

"डेपोच्या मागची. रस्ता रुंद करताना पाडली म्हणे."

काकूंनी हातातलं काम खाली ठेवलं. "अन् तुम्हाला ठाऊक नाही? अहो, तुम्ही मागं गेला होतात ना मोजायला?"

काका हातातली गुंडाळी उलगडून पुन्हा गुंडाळू लागले.

"नाही गेलात," काकू म्हणाल्या. "अजून नाही गेलात. धन्य आहे! किती वर्षं त्याला पाठ दाखवणार? तो काय रागावून बसलाय तुमच्यावर?"

"उगीच काहीतरी बोलू नकोस."

"उगीच? घरातलं दिवाणखान्याचं टेबल तुमच्या कार्डबोर्डनं अडवलंय, मी जेवते मांडी घालून. हे सगळं फुकट घालवणार असाल तर तसं सांगा, मी आजच टेबल मोकळं करते."



दुसऱ्या दिवशी दुपारी काका डेपोवर गेले. फाटकाशी मुंगी टेप घेऊन उभी. "मला बाईंनी नाही पाठवलं," तिने आधीच सांगून टाकलं. "तुमची भिंत बघून मी पण माझ्या कागदावर भिंत काढली होती. मीही बुडालेच की."

पुढचं आवार ओलांडलं. पंपाच्या कोपऱ्यावर काका थांबले. एरवी गच्च भरलेल्या गाडीत वाट काढणारा हा माणूस, समोर चिटपाखरू नसताना त्याचे पाय अडले.

"काका?"

"चल," ते म्हणाले, आणि वळले.

मागे खरंच काही नव्हतं. ऊन थेट आत घुसलं होतं. भिंतीच्या जागी मातीत पायाच्या दगडांची एक रांग दिसत होती, तेवढीच. काका त्या रांगेच्या अलीकडे जाऊन उभे राहिले आणि खाली पाहू लागले.

"इथं सावली असायची," ते म्हणाले. "दुपारच्या सुट्टीत. इथं सरकार झोपायचे."

"कोण सरकार?"

"माझा ड्रायव्हर. सगळा डेपो त्याला सरकार म्हणायचा. दोनदा विनंती केल्याशिवाय गाडी सुरू करायचा नाही. मी मागून ओरडायचो, सरकार, प्रजा खोळंबलीय! मग आरशातून बघायचा, मिशीतल्या मिशीत हसायचा, मग गाडी हलायची." काका हसले. "असा गाडी चालवायचा की उभ्या माणसाला डुलकी लागावी."



"त्या दुपारी मी त्याला उठवायला आलो. म्हटलं, सरकार, उठा. उठला नाही. मला वाटलं सोंग करतोय. मी चिडवलं. मग चिडलोच, चार शब्द लागट बोललो. मग खांद्याला हात लावला." काकांनी वाकून पायाच्या एका दगडावरची माती झटकली. "त्यानंतर मी इकडं आलो नाही. नोकरी संपेपर्यंत पुढच्या दारानंच आलो न् गेलो."

 मुंगी आपली इकडेतिकडे पाहत राहिली आणि मग एकदम म्हणाली, "काका, तिकडं बघा."

शेजारच्या उंच इमारतीच्या अंगावर एक व्रण होता. भिंत जिथे तिला येऊन भिडत होती तिथे गिलावा उखडून दगडांचा आकार उमटून राहिला होता, पायापासून वरच्या टोकापर्यंत. भिंत गेली होती, पण किती उंच होती ते शेजारणीने जपून ठेवलं होतं.

काकांनी व्रणाकडे पाहिलं, पायाच्या रांगेकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. आणि महाराज, काय सांगू, देव माणसाच्या डोक्यात दिवा लावतो तो असाच, भर उन्हात!

"मुंगे, टेप धर."

"कुठून?"

"सगळं. काही पाठ नाही मला. सगळं मोज."

पुढचे दिवस काकूंच्या टेबलावर कागदांचा नुसता पूर आला. सूर्य दुपारी कुठे असतो, भिंत असती तर तिची सावली कुठून कुठे पडली असती, हे काकांनी पट्टीने आणि कोनमापकाने काढलं. चुकलं, खोडलं, पुन्हा काढलं. बाईंकडे गेले, शंका विचारल्या, पुन्हा आले. काकू जाता-येता डोकवायच्या. "आता काय काढताय? छप्पर?" "नाही. सावली काढतोय. छप्पर मागून येईल." काकूंनी कपाळाला हात लावला, पण चहा आणून ठेवला.

सोमवार उजाडला. परीक्षक नावाजलेले गृहस्थ होते, आणि एकेका मुलापाशी थोडक्यात आटपत होते. काकांच्या मॉडेलपाशी ते आले. तपकिरी पुठ्ठ्याची जमीन, तीत पायाच्या दगडांची उघडी रांग, आणि चार बारीक खांबांवर एक उंच, कललेलं छप्पर, जरा विचित्रच बाजूला सरकलेलं.

"छप्पर इथं आणि बसायची जागा तिथं? छपराखाली तर काहीच नाही!"

"साहेब, माणसं छपराखाली बसत नाहीत, सावलीत बसतात," काका म्हणाले. "दिवा लाव गं."

मुंगीने टेबलावरचा दिवा पश्चिमेकडून, आखून ठेवलेल्या कोनात धरला. छपराची सावली सरकली आणि दगडांच्या रांगेअलीकडच्या पट्टीवर जाऊन नेमकी टेकली. तिथल्या जमिनीवर काकांनी फिक्या पेन्सिलीने जुन्या भिंतीच्या सावलीची कड आखली होती. दोन्ही कडा एक झाल्या.

परीक्षकांनी चष्मा काढला. "एवढा खटाटोप कशाला? भिंतच परत बांधायची होती."

"ते खोटं झालं असतं. पाडली ती पाडली. शहराला रस्ता हवा होता, बरोबर आहे." काकांचा आवाज वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. "पण भिंत पाडा असं ठरलं होतं, साहेब. सावली पाडा असं कुणी म्हटलं नव्हतं."

बाई खिडकीकडे पाहू लागल्या.

परीक्षक खाली वाकले. मॉडेलवर कागदाची इवलीशी माणसं होती, चालणारी, उभी असलेली. सावलीच्या पट्टीत एक आडवं होतं. त्यांनी बोट पुढे केलं. "हा एक पडलाय. डिंक सुटला वाटतं. उभा करा."

काकांनी हात मध्ये घातला. अगदी अलगद, जणू कुणाला जाग येईल.

"पडला नाही, साहेब. झोपलाय." आणि मग, त्या खणखणीत गळ्यातून कधी कुणी ऐकला नव्हता अशा हळू आवाजात, "झोपू द्या. गाडीला वेळ आहे अजून."

परीक्षकांनी बोट मागे घेतलं. मुंगीचा हात भरून आला होता तरी तिने दिवा हलू दिला नाही.

काका दुसऱ्या वर्षाला गेले. ते जाणारच होते. मैदानात ते छप्पर कधी उभं राहील न राहील, ते देव जाणे. पण बसल्या जागी माझं एवढं मागणं आहे. कधी भर दुपारी कुठल्याशा सावलीत तुम्हाला घटकाभर डोळा लागला, आणि उठवणारं कुणी आलं नाही, तर त्या सुखात एका ड्रायव्हरची आठवण ठेवा. लोक त्याला सरकार म्हणत. फार सांभाळून गाडी चालवायचा.