फिदेन्सिओच्या नावाची डबी

आमच्या वस्तीत मी दारोदार फिरते ती आतड्याच्या कॅन्सरची तपासणी करून घ्या, हे सांगायला. दवाखान्यातली डबी द्यायची, लोकांनी घरच्या घरी शौचाचा नमुना भरायचा, मी तो पोचवायचा. काम एवढंसंच. पण डबी दिसली की पुरुषांना हटकून कांद्याच्या शेतातली राहिलेली कामं आठवतात.

सगळ्यात हट्टी फिदेन्सिओ. त्याचा बाप याच दुखण्याने गेला. त्याच्या धाकटीला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता म्हणून मी हातांवर धरलं होतं, तेव्हापासून त्या घराची मी कोमाद्रे झाले. हे नातं सख्ख्याहून जड असतं, म्हणून मी पिच्छा सोडला नाही. तीन महिन्यांनी त्याच्या बायकोने, ओब्दुलियाने, भरलेली डबी हातात ठेवली. गड जिंकल्याच्या आनंदात मी तिच्याकडे मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेले चार तमाले जास्तच खाल्ले.

निकाल आला. नमुन्यात रक्त सापडलं होतं.

मी गेले तेव्हा ओब्दुलिया मक्याच्या पानांना पीठ लावत होती आणि तो समोर कॉफी पीत होता. मी जमेल तितकं हळू सांगितलं. त्याने कप खाली ठेवला.

"पण कोमाद्रे, मी तर त्या डबीला हातसुद्धा लावला नाही."

आम्ही दोघांनी ओब्दुलियाकडे पाहिलं. तिचे हात पिठात तसेच राहिले.

"तू रोज यायचीस, हा रोज तोंड वाकडं करायचा," ती म्हणाली. "म्हटलं, एकदाची कटकट मिटू दे. माझंच भरून दिलं."

मला असा संताप आला, की काय सांगू. पण तो टिकला नाही, कारण रक्त तिचं होतं, आणि मला भीती वाटली. पुढच्या तपासणीचं म्हटलं तर ती म्हणे, नाताळ होऊ दे, एवढे तमाले कोण करणार? फिदेन्सिओने पिठाचं भांडं स्वतःकडे ओढलं.

"मी करतो. तू हात धू. कोमाद्रे, तारीख घ्या."

दुर्बिणीच्या तपासणीत डॉक्टरांना ओब्दुलियाच्या आतड्यात एक गाठ सापडली. अजून कॅन्सर झाला नव्हता, पण तशीच राहिली असती तर पुढे होऊ शकला असता. त्याच तपासणीत त्यांनी ती काढून टाकली. त्या वर्षीचे तमाले दगडासारखे झाले होते, आणि आम्ही सगळ्यांनी ते मिटक्या मारत खाल्ले.

जानेवारीतल्या एका रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या दारात, सगळ्या वस्तीसमोर, फिदेन्सिओने ठेवणीतली हॅट काढली आणि डबी माझ्यापुढे धरली.

"ही माझी आहे. हवं तर हिला विचारा."

"शपथेवर सांगते," ओब्दुलिया म्हणाली, "या वेळी मी काही मदत केलेली नाही."